लोखंडी बायची ओटी

खडपवाडी, ता. श्रीवर्धन
९ जानेवारी

चि. नीरा हीस हरेश्वरचे आशीर्वाद.

एवढ्या उशिरा लिहितोय, त्याची आधी माफी मागतो. तू वाडी सोडलीस तेव्हा रुचिता शाळेत होती, आता ती बँकेत लागली असं शुभम सांगतो. दर दिवाळीला मी कागद आणत होतो. सुरुवात कशी करू याच्यातच दिवाळी जायची आणि त्या कागदावर तुझी वहिनी सत्यवती किराणा लिहून पाठवायची. फोन करण्यात मी कसर ठेवली नाही. पण माझा आवाज ऐकला की तू फोन रुचिताकडे देतेस, ती म्हणते आई बाजारात गेली, आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून शेवटी पत्र. शुभम मासळीचा टेम्पो घेऊन अलिबागला येतो, त्याच्या हाती देतोय. घामानं भिजवील म्हणून प्लास्टिकमध्ये घातलंय. सोबत डब्यात सोडे आहेत, तुझ्या वहिनीनं सुकवलेले.

वाचणार रुचिताच, हे मला माहीत आहे. बाळ, सावकाश वाच. माझं अक्षर चौथीच्या पुढं गेलेलं नाही.

काम असं आहे. खाडीच्या तोंडाशी नवा धक्का होणार. मोठ्या बोटी आत याव्यात म्हणून पाण्याची वाट खोल करायची आहे आणि त्या वाटेत आपली लोखंडी बाय बुडलेली आहे. तिला कापून तुकड्या-तुकड्यानं काढणार. वाडीची हरकत असेल तर मच्छीमार सोसायटीनं तसं कळवायचं, मग धक्का दुसऱ्या गावाला जाईल. शिमग्याच्या आधीच्या रविवारी सभा आहे.

परवा देवळात बोलणं झालं. तो पियूष, दोन ट्रॉलरवाला, उभा राहून म्हणाला, "आजोबा, बायच्या पाया पडून डिझेल मिळत न्हाय. बर्फाच्या गाडीला आमी बोर्लीपर्यंत धावतो. धक्का पायजेच." पोरं हसली.  मग रामचंद्र तांडेल म्हणाले, "हरेश्वर, मान तुमच्या घराचा हाय. तुमच्या घरची लेक बायची ओटी भरते. तिला ठेवायची का उचलायची, तेबी लेकीनंच सांगायचं. आमी मधी पडनार न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे ओझं फिरून आपल्याच दारात.

रुचिताला तू हे सांगितलं असशील की नाही कोण जाणे, म्हणून लिहितो. आपल्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. जेठातलं वादळ, रात्र काळी. पणजोबांना समुद्रात एक दिवा दिसला. तो दिवा वाडीकडे येत होता, जवळ, आणखी जवळ, आणि मग विझला. वाडीतल्या होड्यांनी दहाबारा खलाशी काढले. सकाळी पाहतात तर पाण्यावर काही नाही, तिरपी एक काठी तेवढी, जहाजाची डोलकाठी, तीही लोखंडाची. खलाशांची भाषा कोणाला कळेना. ते बैलगाडीनं निघून गेले ते गेलेच. पण लोखंडाचं जहाज पाण्यावर तरंगतं हे वाडीनं तोवर ऐकलं नव्हतं. लोखंड तरंगतं म्हणजे त्यात देवी असणार. आणि वादळात धावत आली ती आपल्या दारी आली, म्हणजे माहेरवाशीण. म्हणून नारळी पुनवेला आधी तिची ओटी. हिरव्या बांगड्या, खण, तांदूळ, नारळ, त्या काठीजवळ पाण्यात सोडायचे. पणजोबांनी दिवा पाहिला म्हणून मान आपल्या घरच्या लेकीला. लग्न झालेली असो नाही तर नसो, लेक पाहिजे, नाही तर लेकीची लेक. सून चालत नाही, विधवा चालत नाही.

काळूराम भावोजी बायजवळच्या पाण्यात बुडून गेले आणि पुढच्या पुनवेला बाया तुझ्याकडे आल्या, रुचिताला पाठव म्हणून. तू म्हणालीस, "जिनं माझं कुंकू पुसलं तिची ओटी माझी पोर भरनार न्हाय." आणि त्याच आठवड्यात गेलीस.

तेव्हापासून ओटी नाही. मला मुलगी नाही, माझ्या राहुललाही दोन्ही मुलगे.

मी काही सुचवत नाही. तुझ्या मनाला येईल ते सांग. पण रुचिताला घेऊन आलीस, एकदा ओटी भरली, आणि वाडीसमोर म्हणालीस की तिला हलवू नका, तर कोणी हलवणार नाही. एवढंच कानावर घालतो. डबा शुभमकडे परत दे.

तुझा दादा,
हरेश्वर


खडपवाडी
२ फेब्रुवारी

चि. नीरा हीस आशीर्वाद.

डबा मिळाला. धुऊन, पुसून, रिकामा.

सत्यवतीनं झाकण काढून पाहिलं आणि परत लावलं. म्हणाली, "साखरेची चिमूटबी न्हाय? आपल्यात रिकामं भांडं कोन परत धाडतं?" मी म्हटलं, अगं, घाईत राहिलं असेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पडवीत जाऊन बसलो. सोडे मात्र ठेवून घेतलेस, ते बरं केलंस. यावेळी जवळा पाठवतोय. शुभमला दम दिलाय की वाटेत उघडू नकोस.

आता दुसरी गोष्ट, आणि ती सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

बोर्ली पंचतनला एक मुलगी येऊन राहिली आहे, प्राप्ती मॅडम. बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करते. धक्क्याच्या आधी समुद्राचा तळ मोजायचं काम तिच्या लोकांकडे आहे. रुचितापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी असेल. उन्हानं नाक सोललंय, पण बोटीवर उलटी करत नाही. मी तिला पणजोबांची गोष्ट सांगितली, तिनं मला बायची सांगितली. मी आजवर बाय म्हणजे एक काठी समजत होतो, नीरा. तू पण तेच समजत असशील.

तिचं नाव इसाबेला क्रेग. मॅडमनी देवनागरीत लिहून दिलं, तरी सत्यवती इजाबाय म्हणते. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत एका थंड नदीच्या काठी तिला बांधली. आपण बोट बांधतो तशीच, आधी पाठीचा कणा, मग बरगड्या. पण सगळं लोखंड. पत्र्याला पत्रा जोडायचा तर खिळा लाल करून भोकात घालायचा, एकानं आतून धरायचा, दोघांनी बाहेरून हाणायचा. असे लाखो खिळे. मी म्हटलं, मॅडम, लाख म्हणजे? ती म्हणाली, काका, लाखाच्या पुढं. हाणणारी माणसं म्हातारपणी ठार बहिरी व्हायची म्हणे.

आपल्या देवळापासून सुरूच्या बनापर्यंत जेवढं अंतर, तेवढी तिची लांबी. आपली वाडी तिच्या पोटात बसली असती, वर सुकी मासळी टांगायला जागा उरली असती. आणि त्या एवढ्या धुडाचा पत्रा किती जाड? मॅडमनी मला माझं करंगळीचं बोट धरून दाखवलं. त्याच्या एका बाजूला माणसं झोपायची आणि दुसऱ्या बाजूला अख्खा समुद्र.

पुढचं ऐक. तिला इंजिन नव्हतं. मी तीनदा विचारलं. अजिबात नव्हतं. तीन डोलकाठ्या आणि शीड. तू लहान होतीस, पण आबांची शिडाची बोट तुला आठवत असेल. वारा पडला की आबा शीळ घालून वाऱ्याला बोलवायचे, आणि हर्णे बंदरापर्यंत जायचं म्हटलं तरी आई देव पाण्यात ठेवायची. ही बाय नुसत्या वाऱ्यावर पृथ्वी फिरली. विलायतेतून रेल्वेचे रूळ आणायची, परत जाताना ताग न्यायची. जिथं समुद्रात बर्फाचे डोंगर तरंगतात तिथूनही गेली. तिथल्या लाटा माडाएवढ्या. मॅडम हे सांगताना मोबाइलवर काहीतरी शोधत होती, आणि माझ्या अंगावर काटा उभा होता.

मग काही वर्षं तिनं माणसं नेली. कलकत्त्याहून, लांब साखरेच्या बेटांवर, ऊस तोडायला. करार करून नेलेली गरीब माणसं, बायका, पोरं. तीन महिने पाणीच पाणी. काही वाटेत मेली. काही वाटेत जन्मली. एका बाईला भर वादळात बायच्या पोटात मुलगी झाली आणि डॉक्टरनं तिचं नाव इसाबेला लिहिलं. त्या मुलीची नातवंडं-पतवंडं आज कुठल्या तरी बेटावर असतील आणि त्यांना आपली वाडी ठाऊकही नसेल. मी हे ऐकून उठलो आणि उगाच अंगणात एक फेरी मारून आलो. आपण जिला ओटी भरतो तिच्या पोटी माणूस जन्मलंय. आपल्याला माहीत नव्हतं, तरी आपण भरत होतो.

मग आगबोटी आल्या. वाऱ्यावर चालणारीला कोण विचारतो? तिला विकली, पुन्हा विकली. शेवटी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे आली. त्यानं तिच्या वरच्या काठ्या उतरवल्या आणि तिच्यात कोळसा भरला. पृथ्वी फिरलेली बाय कोळसा वाहायला लागली. तशाच एका फेरीत ते जेठातलं वादळ.

जिच्यात आपण जाळी रंगवायचो ती चौकोनी लोखंडी टाकी आठवते का? ऐनाची साल उकळायची, जाळी बुडवायची, अख्ख्या वाडीला वास. ती टाकी बायच्या पोटातलीच, पिण्याच्या पाण्याची, नंतर किनाऱ्याला लागलेली. समुद्रातल्या त्या माणसांनी त्यातलं पाणी प्यायलं असेल, असं मॅडम म्हणाली. नायलॉन आल्यापासून ती पडून आहे, बकऱ्या तिच्यात पाणी पितात. काल मी जाऊन तिच्यावरून हात फिरवला. पियूष मोटरसायकलवरून जाता जाता ओरडला, "आजोबा, भंगारात द्यायची काय?" मी दगड उचलला. मारला नाही.

अशी ही आहे. आता तूच सांग, हिला तुकडे करून ट्रकात भरायची? मी काही सुचवत नाही.

रुचिताला दोन दिवस रजा मिळणार नाही का? राहुल गाडी घेऊन येईल.

तुझा दादा,
हरेश्वर


खडपवाडी
१६ फेब्रुवारी

चि. नीरा,

मी तिला हात लावला.

गेल्या पावसाळ्यात खाडीचं तोंड सरकलं आणि बायच्या अंगावरची वाळू बरीच वाहून गेली, असं मॅडम म्हणत होती. पुनवेच्या उधाणात पाणी जेवढं चढतं तेवढंच उतरतं, म्हणून संध्याकाळच्या सुकतीला आम्ही निघालो. राहुल, मॅडम, मी. सत्यवती म्हणाली, या वयात कशाला, गुडघ्यात जीव न्हाय. मी ऐकलं नाही. रक्तदाबाची गोळी घेतली, आणखी एक खिशात ठेवली.

काठीच्या पलीकडे पाणी फाटल्यासारखं झालं होतं. लाट यायची, मधेच दोन होऊन जायची. लाट खाली बसली की काळं काहीतरी वर यायचं. राहुलनं इंजिन बंद केलं. 

पाणी उतरत गेलं आणि ती वर येत गेली. आधी एक कड. मग कडेखाली वाकत गेलेली भिंत, कालवांनी भरलेली. मग बरगड्या, एकीमागं एक. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. आयुष्यभर मी याच पाण्यावरून गेलोय, नीरा. माझ्या होडीखाली हे सगळं उभं होतं.

राहुलनं होडी लावली. जिथं कालवं नव्हती तिथं मी पंजा टेकवला. मावळतीचं ऊन तिच्यावर पडलं होतं. गाभण म्हशीच्या कुशीला असते तशी ऊब. बोटांखाली खिळ्यांची रांग लागली, एका दोरीत लावल्यासारखी. कुठल्या तरी थंड गावातल्या बहिऱ्या माणसानं हाणलेला खिळा, आणि माझं बोट त्याच्यावर. आतून पाण्याचा आवाज येत होता, लाट गेली की लांब हुंकार. राहुल एवढा मोठा बाप्या, त्यानं टोपी काढली. मॅडमनी फोटो काढायचे सोडून हात जोडले, आणि मग स्वतःच हसली. म्हणाली, "काका, मी असं करत नाही कधी."

मी म्हटलं, "करा. तिला चालतं."

घरी आलो तेव्हा मन भरून आलं होतं, आणि तेवढ्यात रुचिताचा फोन. मला वाटलं, बायनंच धाडला. मी विचारलं, "येताय ना?"

ती म्हणाली, "मामा, आईनं दोन्ही पत्रं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली."

"मग?"

"मग आई म्हणते, कापून टाका."

"तिला फोन दे."

"ती बाजारात गेलीय."

"रुचे, मला ऐकू येतंय तिचं भांड्यांचं आपटणं."

तर ती रडवेली झाली. "मामा, मी काय करू? ती म्हणते, तुझ्या मामाला सांग, त्यानं माझा शब्द मागितला, मी दिला. कापून टाका. आता परत पत्र नको."

असा शब्द देतात का, नीरा? विचार करून दिलास का? मी तिची एवढी हकीकत लिहिली, ती तुझ्या कानावरून गेली? तांडेल रोज विचारतात, लेकीचं काय आलं? मी सांगतो, अजून काही नाही. हे खोटं तुझ्यामुळे बोलतोय. पियूषला कळलं तर पेढे वाटील.

माझा हट्ट नाही. पण सभेला अजून वेळ आहे. एकदा ये, सुकतीला तिच्याजवळ नेतो, तिच्या अंगाला हात लाव आणि मग सांग कापा म्हणून. माहेरी आलेल्या बाईला कोणी हाकलत नाही. आपल्या बायका म्हणायच्या ते गाणं विसरलीस का:

लोखंडाची बाय माझी
वादळात आली माहेरा,
पाण्यामंदी उभी ऱ्हायली,
उघडा गं दारा.

तूच सगळ्यांत पुढं म्हणायचीस.

दादा


१ मार्च

नीरा, घाईत लिहितोय, शुभम हॉर्न वाजवतोय. मॅडमचं मशीन तळाचं काम पुरं करून आलं. परवा ती बायचं पूर्ण चित्र घेऊन घरी येणार. वाळूखालचंही त्यात दिसतं म्हणे. मागच्या पत्रात मी जास्त बोललो असेन तर सोडून दे. तांडेलना मी अजून काही सांगितलेलं नाही.

ह.


खडपवाडी
४ मार्च

चि. नीरा,

हे पत्र रुचितानं मोठ्यानं वाचावं. मधलं काही गाळू नये.

काल मॅडम आली. पडवीत चटई टाकून तिनं मोठा कागद पसरला. सत्यवती चहा घेऊन उभी, राहुल गुडघ्यावर बसलेला. पियूषही आला होता, त्याला धक्क्याची वाट किती खोल होते ते पाहायचं होतं. मी काही बोललो नाही, येऊ दिलं.

तपकिरी कागदावर ती पडली होती. काठीपासून शेपटापर्यंत, सगळी. वाळूखाली होती ती पण. मी किती वेळ पाहत राहिलो. मग म्हटलं, "मॅडम, कागद उलटा धरलाय."

"नाही काका. हा बाण उत्तर दाखवतो. इकडे वाडी, इकडे समुद्र."

"मग हे टोक कसलं?"

"ते तिचं नाक. पुढचं टोक."

नाक समुद्राकडे होतं.

मी म्हटलं, असं कसं होईल, ती वाडीकडे धावत आली होती. मॅडम म्हणाली, मला तेवढं माहीत नाही काका, पण पडलीय अशी. आणि नाकापासून समुद्राकडे दोन रेघा गेल्या होत्या. बारीक, लांब, ताणलेल्या सुतासारख्या सरळ. दोन्ही रेघांच्या टोकाला एकेक ठिपका.

पियूष वाकला. बराच वेळ पाहिलं आणि हळू म्हणाला, "आजोबा, ही नांगरावर हाय."

 दर्यावर वाढलेल्या माणसाला याच्यापुढं सांगावं लागत नाही. वादळात काय करतात? तोंड वाऱ्याला देतात आणि नांगर टाकतात. मी स्वतः कितीदा टाकलाय. दोन्ही नांगर टाकून ती समुद्राकडे तोंड करून उभी होती. बाहेर जायचं होतं तिला. नांगर जमिनीत धरेनात, ते घासत येत होते, आणि ती पाठमोरी, मागं मागं, किनाऱ्याकडे ओढली जात होती. पणजोबांना तिचा दिवा दिसला. तो जवळ येत होता. त्यांना वाटलं, ती येतेय.

एवढी पिढ्यान्‌पिढ्या कोळ्यांची वाडी, आणि एकालाही सुचलं नाही की वादळात कुठलंही तारू किनाऱ्याकडे धावत नाही. किनारा म्हणजे मरण. आपण गाणं केलं आणि गाणं खरं मानलं.

साखळ्या अजून ताणलेल्या आहेत, नीरा. सव्वाशे वर्षं झाली. कोळसा गेला, शिडं गेली, लाकूड किड्यांनी खाल्लं, आणि त्या दोन साखळ्या तशाच सरळ समुद्राकडे.  हात लावला त्या संध्याकाळीसुद्धा मला ती एवढी मोठी वाटली नव्हती.

आता पुढचं. अक्षर लागलं नाही तर रुचितानं मला फोन करून विचारावं.

आपलं डोलचं जाळं कुठं लावायचं ते आबांनी ठरवून दिलं होतं, त्यांना त्यांच्या आबांनी. देवळाचा कळस आणि बनाचं टोक एका रेषेत घ्यायचं, आणि काठी डाव्या हाताला. बाय वाडीकडे तोंड करून बसलीय, तेव्हा तिच्या समुद्राकडच्या बाजूला नुसतं स्वच्छ पाणी, तिथं जाळ्याला धोका नाही. असं सगळे मानत होते. मी त्या कागदावर कळस धरला, बन धरलं, आणि दोन्हीकडून हाताचं बोट आणलं. बोट साखळीवर आलं.

त्याच जागी लावलेलं भावोजींचं जाळं त्या दिवशी अडकलं ते साखळीत अडकलं. कोणी धरलं नव्हतं. ते सोडवायला खाली उतरले आणि पाणी फिरलं. आम्ही वर्षानुवर्षं म्हटलं, बायनं घेतला. बाया तुझ्याकडे येऊन म्हणाल्या, ओटी चुकली असेल, काही उणं राहिलं असेल. तू तेव्हा त्यांच्याकडे पाहिलंस ते मला आठवतं. उणं काही राहिलं नव्हतं. ओटी तू मनापासून भरली होतीस, मी होडीत होतो. तिथं एक साखळी होती आणि आम्हाला ती माहीत नव्हती, एवढंच झालं.

सत्यवती कागदाजवळ बसली आणि तिनं त्या जागी हात ठेवला. म्हणाली, "नीराला कोन सांगनार?" पियूष उठून अंगणात गेला. जाताना मला म्हणाला, "आजोबा, तुमी सभेत धक्क्याला न्हाय म्हनालात तरी मी काय बोलनार न्हाय." त्या पोराकडून मला हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी रात्री झोपलो नाही असं लिहिणार होतो, पण झोपलो. बऱ्याच दिवसांनी लागली.

सकाळी तांडेलांकडे गेलो. ते दाढी करत होते. मी म्हटलं, "आमच्या लेकीचा शब्द आलाय. काढा म्हणाली."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "आनि तुजं काय?"

"माझं पण तेच. पण कापायच्या आधी साखळ्या सोडायच्या. आधी साखळ्या, मग ती. तेवढं सभेत लिहून घ्या."

"आनि ओटीचा मान?"

"संपला. ती आपल्याकडे आलीच नव्हती, रामचंद्रदादा. ती निघाली होती."

त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. पुन्हा वस्तरा उचलला. म्हणाले, "मंग आपल्या पुनवेला काय?" मी म्हटलं, समुद्राला नारळ आहेच की. तो कोणाचा पाहुणा नाही.

मॅडम म्हणते तिचा एक तुकडा, खिळ्यांच्या रांगेचा, संग्रहालयात ठेवता येईल. ठेवू देत. धक्क्याच्या साहेबांनी मान्य केलं नाही तर? ट्रकवाल्यानं मधेच विकला तर? त्याची मी नंतर काळजी करीन. आज ती काळजी नाही.

नीरा, तू कशी आहेस?

हे मला विचारायचं आहे आणि कसं विचारायचं ते कळत नाही, म्हणून तसंच लिहिलं. बाजारात तुझी जागा कुठं आहे, सावलीत की उन्हात? तुझ्या शेजारी कोण बसतं? सकाळी भरलेली पाटी डोक्यावर चढवायला एका बाईला दुसरी बाई लागते, तुझी पाटी कोण चढवतं? तिचं नाव काय? रुचिता कामावरून आली की तुम्ही दोघी काय जेवता? अलिबागचं पाणी तुला मानवलं का? खोली भाड्याची की स्वतःची केलीत, आणि खिडकीतून समुद्र दिसतो का? की तुला नकोच आहे दिसायला?

वाडीला ये असं मी लिहिणार नाही. कोणी म्हटलं तरी येऊ नकोस, तुझ्या मनात असल्याशिवाय. तुला चालेल ती वाट धर. मी मात्र एकदा तिकडे येईन म्हणतो, शुभमच्या टेम्पोत, पुढच्या सीटवर. बाजारात लांब उभा राहीन. तू बस म्हणालीस तर बसेन, नाही तर त्याच टेम्पोनं परत. चालेल का?

चालेल की नाही, एवढं कळव. रुचिताकडून नको, तुझ्या तोंडून. नुसतं हो म्हण, नाही तर नाही म्हण, शुभम ऐकेल आणि मला येऊन सांगेल. सभेच्या आधी कळवलंस तर बरं, नंतर कळवलंस तरी बरं. पण लवकर कळव, नीरा. माझा जीव तुझ्याकडे लागून राहिलाय.

हरेश्वर